आमचा निवाडा कोर्टानं उडवला, आणि बरोबरच उडवला

सोलापुरातल्या सूत-टॉवेल व्यापारी संघटनांचे पदाधिकारी आणि पंच म्हणून बसणारी सगळी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

माझ्या पेढीवरच्या टेबलाच्या खालच्या खणात सुताचे दोन कोन, म्हणजे सूत गुंडाळलेल्या शंकूसारख्या नळ्या, पडून आहेत. दहा वर्षं होत आली. कागद पिवळा पडलाय, पण त्यावरचा '१६' हा शिक्का अजून वाचता येतो. सूत मात्र साडेचौदा नंबरचं आहे. मला माहीत आहे, कारण मी स्वतः ते मोजलं. कायद्याच्या लेखी ते कोणीच मोजलेलं नाही.

मागच्या सभेत पुन्हा तोच सूर निघाला. पंचांनी बसून निवाडा द्यायचा, हरलेल्यानं कोर्टात जाऊन तो उडवायचा, मग पंच हवेत कशाला? वकिलांवर राग निघाला, कोर्टावर निघाला. मी मागच्या रांगेत गप्प बसलो होतो. का गप्प बसलो ते लिहून सांगतो.

२०१६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आपल्यातल्याच एका सूत व्यापाऱ्यानं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखानदाराला १२० पोती सूत दिलं. बिल ९ लाख ३० हजारांचं. माल मागावर चढला आणि टॉवेल जड यायला लागला, पोत्यामागं नग कमी पडायला लागले. कारखानदारानं पैसे अडवले. व्यापारी म्हणाला, निम्मा माल विणून झाल्यावर तक्रार कसली? सौदाचिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरात ओळ होती, की वाद झाल्यास संघटनेचे पंच देतील तो निर्णय दोघांवर बंधनकारक. अध्यक्षांनी तीन नावं काढली, त्यात माझं एक. नावं घेत नाही. जुन्या मंडळींना कळतील, बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

एका रविवारी सकाळी आम्ही माझ्या गोदामात जमलो. रीळ आणलं, छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. सुताचा नंबर कसा काढतात ते तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र तुमच्या मुलांच्याही हाती पडेल म्हणून सांगतो. ८४० वारांचा एक हँक, आणि एका पौंडात जितके हँक बसतात तितका नंबर. मोजताना हँकचा सातवा भाग, म्हणजे १२० वारांची लडी घेतात. सोळा नंबरची लडी चार ग्रॅमच्या किंचित वर भरायला हवी. आमच्या काट्यावर ती साडेचारला टेकत होती. एक नाही, दहा लड्या तोललेल्या. सूत जाड म्हणजे किलोमागं लांबी कमी. भाव सोळाचा आणि माल साडेचौदाचा, म्हणजे शंभर वारांत नऊ-दहा वारांचा घाटा.

कारखानदार समोर स्टुलावर बसून हे सगळं बघत होता. व्यापारी नव्हता. तो लग्नाला गुलबर्ग्याला गेला होता. आमच्यातला एक जण म्हणाला, मोजायचंच तर आहे, त्याला बघून काटा वेगळं बोलणार आहे का? आम्ही हसलो, चहा प्यायलो आणि दोन कोन पुरावा म्हणून माझ्या खणात टाकले. सील नाही, सही नाही, पंचनामा नाही.

लवाद आणि सलोखा कायदा, १९९६ याच्या कलम २४ मध्ये साफ लिहिलंय की सुनावणीची असो वा मालाच्या तपासणीची, दोन्ही पक्षांना आधी पुरेशी सूचना द्यायची. काटा खरं बोलतो की खोटं हा प्रश्नच नाही. समोर असता तर व्यापारी विचारू शकला असता, की ही पोती माझीच कशावरून? कोन वरच्या थरातला घेतला की खालच्या? सुतातला ओलावा धरला का? आमच्याकडे उत्तरं असतीलही. त्याला विचारायची संधीच आम्ही दिली नाही.

दुसरी चूक याहून अवघड, आणि सोलापुरात ती रोज होते. आमच्यातले तिसरे पंच त्याच कारखानदाराकडून टॉवेल घेऊन मुंबईला पाठवत असत. सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी चकार शब्द काढला नाही, कारण आपल्याकडे कोणाचा कोणाशी व्यवहार नाही? अशोक चौकापासून चिंचोळीपर्यंत सगळे एकमेकांचे देणेकरी नाहीतर घेणेकरी. पण २०१५ च्या दुरुस्तीनं कायद्याला सातवं परिशिष्ट जोडलं आणि त्यातली पहिलीच नोंद सांगते, की ज्याचा पक्षकाराशी पूर्वी किंवा सध्या धंद्याचा संबंध आहे तो पंच होऊच शकत नाही. या न्यायानं बघितलं तर आपल्या बाजारात पंच म्हणून बसायला भटजी आणि शाळामास्तर तेवढे उरतात.

कायदा करणाऱ्यांना हे अगदीच सुचलं नव्हतं असं नाही. परिशिष्टाखालच्या खुलाशात म्हटलंय, की जहाज किंवा शेतमाल-कच्च्या मालाच्या धंद्यात जाणकार माणसं थोडी असतात आणि तिथं त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा पंच नेमण्याचा रिवाज असेल, तर तो लक्षात घ्यावा. आपल्यातले एक वकीलसाहेब या खुलाशावर फार भरवसा ठेवतात. माझ्या मते तो तेवढं ओझं पेलणार नाही. तीच माणसं वारंवार नेमली जाणं वेगळं, आणि पंचानं पक्षकाराचा माल विकून दलाली खाणं वेगळं. खरी वाट कलम १२(५) मध्येच आहे. वाद उभा राहिल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी लिहून द्यायचं, की या गृहस्थांचा अमुक व्यवहार आम्हाला माहीत आहे, तरी ते पंच म्हणून चालतील. वाद उभा राहण्याआधी सौदाचिठ्ठीवर छापून ठेवलेलं चालत नाही. सुनावणीला मुकाट्यानं हजर राहिला म्हणजे संमती दिली, हेही चालत नाही. २०१९ मध्ये भारत ब्रॉडबँडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय. एक पानाचा कागद. आम्ही तो केला नाही.

तिसरी चूक सांगायला लाज वाटते. आमचा निवाडा तीन ओळींचा होता. 'दोन्ही बाजू ऐकल्या. मालात दोष आढळला. कारखानदाराने व्यापाऱ्यास रुपये ६,३०,००० द्यावेत व विषय संपवावा.' तीन लाख का कापले, अडीच का नाहीत? आम्हाला विचाराल तर सांगतो, तोंडी हिशोब केला होता. कलम ३१(३) म्हणतं, कारणं लिहा. नको असतील तर तसं पक्षकारांनी आधी ठरवलेलं हवं. कारणं विद्वत्तापूर्ण नसली तरी चालतात. कोर्टाला इतकंच कळायला हवं की पंच कुठून निघाले आणि कुठं पोचले. लड्यांची वजनं एका कागदावर मांडून खाली वजाबाकी लिहिली असती तरी पुरलं असतं. सभेत तेलुगू, कन्नड, मारवाडी, मराठी अशा चार भाषांत भांडलो आणि कागदावर उतरल्या तीन ओळी.

२०१७ च्या फेब्रुवारीत निवाडा दिला. मे महिन्यात व्यापाऱ्यानं निवाडा रद्द करून घ्यायला जिल्हा न्यायालयात कलम ३४ खाली अर्ज टाकला. त्याच कलमात असा अर्ज नोटिशीपासून एका वर्षात निकाली काढावा असं लिहिलंय, पण ती मुदत कोर्टाला बांधून ठेवणारी नाही. निकाल आला २०२३ मध्ये. मधे कोविड होऊन गेला, न्यायाधीश बदलले, एका वकिलांनी वकिली सोडली. निकाल मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कानशिलं तापली. दुसऱ्यांदा वाचताना, खोडून काढता येईल असं एक वाक्य शोधत होतो. सापडलं नाही.

आणि जिंकलेल्या व्यापाऱ्याला काय मिळालं? आम्ही त्याला ६ लाख ३० हजार देवविले होते. वरच्या तीन लाखांसाठी तो कोर्टात गेला. निवाडा मान्य नाही म्हणून देऊ केलेले पैसेही त्यानं घेतले नाहीत. निवाडा रद्द झाला, म्हणजे ते सहा लाख तीस हजारही गेले. कोर्टानं आकडा दुरुस्त करून पूर्ण ९ लाख ३० हजार द्यायला लावावेत अशी त्याची समजूत होती. ती कोर्टाची भूमिकाच नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय महामार्गाच्या हकीम प्रकरणात सांगितलं होतं, की कलम ३४ खाली निवाडा बदलता येत नाही, ठेवायचा किंवा उडवायचा. ३० एप्रिल २०२५ ला गायत्री बालसामी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं थोडी फट उघडली. सदोष भाग वेगळा काढता येण्यासारखा असेल, बेरीज-वजाबाकीची किंवा लिखाणाची चूक असेल, निवाड्यानंतरच्या व्याजाचा प्रश्न असेल, तर मर्यादित बदल करता येतो. पण ज्याची तपासणीच एकतर्फी झाली त्या निवाड्यातून चांगला भाग वेगळा काढणार कसा? सगळा भात एकाच पातेल्यात करपलेला.

पुन्हा लवाद करायला कायद्याची आडकाठी नाही. कलम ४३(४) प्रमाणे पहिल्या लवादापासून रद्दबातल होईपर्यंतचा काळ मुदतीत धरत नाहीत. व्यापारी माझ्याकडे आला होता, पुन्हा पंच व्हाल का विचारायला. तोवर कारखानदारानं माग किलोवर भंगारात काढले होते आणि शेडमध्ये कोणीतरी प्लास्टिकच्या खुर्च्या साठवत होता. वसुली कोणाकडून करणार?

यातली मेख कोर्टाच्या वेळखाऊपणात आहे असं आपली मंडळी म्हणतात. अर्धं खरं आहे. पण हरलेला माणूस पूर्वी कोर्टात का धावायचा हेही आठवा. २३ ऑक्टोबर २०१५ पूर्वी कलम ३४ चा अर्ज नुसता दाखल केला की निवाड्याची अंमलबजावणी आपोआप थांबायची. अर्जात दम आहे की नाही हे कोणी बघायच्या आत पाच-सात वर्षं पैसे खिशात. तेवढ्यासाठी वकिलाची फी परवडायची. आता तसं नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि कोर्ट सहसा रक्कम भरायला नाहीतर हमी द्यायला लावतं. शिवाय निवाड्यात वेगळं काही लिहिलं नसेल, तर निवाड्याच्या तारखेपासून चालू दराहून दोन टक्के जादा व्याज चढत राहतं. कायदा बदलला, सवय बदलली नाही. मार्केट यार्डातला एक डाळवाला 'स्टे लागलाच आहे' या समजुतीत निवांत बसला होता. बँकेचं खातं गोठलं तेव्हा जागा झाला.

तारखांचंही तसंच. निवाड्याला आव्हान द्यायला सहीची प्रत हाती पडल्यापासून तीन महिने, आणि सबळ कारण असेल तर वर तीस दिवस. त्यापुढं एक दिवस नाही. आजारपण, गड्डा यात्रेची गर्दी, मुलीचं लग्न, काही ऐकून घेत नाहीत. म्हणूनच सहीची प्रत प्रत्येकाच्या हातात देऊन तारखेसकट पोच घ्या. आम्ही झेरॉक्स दिली होती, तीही एकाच्या मुनिमाकडे.

आता शेंगांची एक गोष्ट, सोलापूरकरांना शेंगांच्या गोष्टी आवडतात म्हणून. १९८० मध्ये नाफेड या राष्ट्रीय कृषी सहकारी संस्थेनं अलिमेंटा या स्विस कंपनीला ५,००० टन शेंगदाणे द्यायचा करार केला. १,९०० टन गेले. मग चक्रीवादळात पीक गेलं, आणि उरलेला माल पुढच्या हंगामात पाठवायला सरकारनं परवानगी नाकारली. लंडनच्या तेलबिया व्यापाराच्या संघटनेत लवाद झाला, १९८९ मध्ये निवाडा नाफेडच्या विरुद्ध गेला. भारतात त्याची वसुली करायची की नाही यावर दिल्लीत भांडण चालू राहिलं, आणि २२ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी परवानगीशिवाय निर्यात भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरली असती, सबब हा निवाडा इथं लागू करता येणार नाही. चाळीस वर्षं! या निकालावर जाणकारांनी टीका पुष्कळ केली आणि मलाही तो पटत नाही. व्यापारी पंचांनी त्यांच्या धंद्याच्या नियमांनी जे ठरवलं त्यात कोर्ट फार खोल उतरलं. म्हणजे कोर्टाचा हात कधी लांब जात नाही असं मी म्हणत नाही. पण तो निवाडा तीस वर्षं उभा होता, वाद तत्त्वाचा होता. आमचा निवाडा उभा राहण्याआधीच पांगळा होता. दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालून कोर्टाला शिव्या देण्यात अर्थ नाही.

एरवी कलम ३४ चा अर्ज म्हणजे अपील नव्हे. पंचांनी पुरावा चुकीचा तोलला, एवढ्यावर कोर्ट हात घालत नाही. २०१५ नंतर देशातल्या निवाड्यांना उघड बेकायदेशीरपणाची कसोटी लागते, पण तिथंही पुराव्याची फेरतपासणी नाही असं कायद्यातच लिहिलंय. लड्या सोळाच्या की साडेचौदाच्या, यावर आमचा शब्द शेवटचा ठरला असता. व्यापाऱ्याला फक्त बोलवायला हवं होतं.

सौदाचिठ्ठीकडे वळतो. कोइमतूरच्या गिरणीचा दलाल चिठ्ठी आणतो, आपण नंबर आणि भाव बघतो, सही ठोकतो. मागं काय छापलंय कोण वाचतो? लवादाचं ठिकाण कोइमतूर किंवा मुंबई लिहिलेलं असतं. ठिकाण एकदा ठरलं की निवाड्याला आव्हान त्याच गावच्या कोर्टात द्यावं लागतं. माल इथं आला, वाद इथं झाला, याला किंमत नाही. मग रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडा, सकाळी मुंबईच्या कोर्टात उभे राहा, संध्याकाळी तारीख घेऊन परत. उलट ठिकाण सोलापूर असेल तर अर्ज इथल्या जिल्हा न्यायालयात. पुढं कलम ३७ खाली अपील, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आपल्या जिल्ह्याची ती मुंबईची वारीही टळलीय. ठिकाण घासून घ्या, जसा भाव घासता.

उद्यम नोंदणी असलेल्या टॉवेल कारखानदारांना एक जादा हत्यार आहे, सूक्ष्म-लघु उद्योगांचा २००६ चा कायदा. त्यात थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. तिथं उगाच आव्हान देणारे आपोआप गळतात. पण ते माल बनवणाऱ्यासाठी आहे. माझ्यासारख्या नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या सूतवाल्यानं त्याच्यावर विसंबू नये.

मग तुमच्याकडून काय हवंय? वकिलांची फौज नको. संघटनेचे लवादाचे नियम चार पानांत लिहून छापा आणि प्रत्येक सौदाचिठ्ठीवर त्यांचा उल्लेख येऊ द्या. मान्यताप्राप्त व्यापारी संस्थेच्या नियमांचा असा उल्लेख केला की त्यातलं लवादाचं कलमही करारात येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्येच एम. आर. इंजिनिअर्स खटल्यात मानलंय. पंच नेमला की त्यानं आपले व्यवहार सहाव्या परिशिष्टाच्या नमुन्यात लिहून द्यावेत, मग पक्षकारांची लेखी संमती घ्या. अध्यक्षांची स्वतःची पेढी वादात असेल तर नेमणूक त्यांनी करू नये, २०१९ च्या पर्किन्स निकालानंतर ते टिकत नाही. आणि नमुना काढायचा तर दोघांसमोर काढा, लाखेचं सील करा, दोघांच्या सह्या घ्या. एक जण बोलावूनही आला नाही तर नोटिशीची पोच फाइलला लावा आणि मग खुशाल मोजा.

या मसुद्यासाठी पुढच्या सभेत अर्धा तास द्या. मी रीळ, काटा आणि ते दोन कोन घेऊन येतो. तो व्यापारी अजून धंद्यात आहे, रोज दिसतो, बोलतोही. त्यालाही यायला सांगा, या खेपेला लेखी कळवून.

कळावे,

आपला,
एक माजी पंच, सोलापूर